देवी डोंगर उतरली, आपला उतारा कुठं अडला?



मागं एका पाड्यावर वनजमिनीच्या दाव्यांची चौकशी होती. साहेब खुर्चीत, आपली माणसं खाली, मध्ये कागदांचा गठ्ठा. एकेकाला पुढं बोलवायचं आणि विचारायचं, किती वर्षं कसता? कागद काय आहे? कुणाकडं दंडाची पावती होती. कुणाची पावती उंदरानं खाल्लेली. कुणाकडं काहीच नाय. एका म्हातारीची पाळी आली. तिच्याकडंही कागद नव्हता. ती म्हणाली, "साहेब, महालक्षुमीचा झेंडा डोंगरावर कोण नेतं? ठाऊक हाय ना तुम्हाला? मग आम्ही इथं कधीपासून हाय ते देवीलाच विचारा."

सगळे हसले. साहेबही हसले आणि त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

खरं सांगायचं तर तेव्हा आम्हीही हसलो. पण परत येताना वाटेत हीच गोष्ट निघाली. म्हातारी चुकीचं काय बोलली? तिला विचारलं होतं, इथं कधीपासून आहात. तिनं तिच्याकडं होतं ते उत्तर दिलं. ते कागदावर लिहून घेतलं नाही, एवढंच. म्हणून या अंकात महालक्ष्मीच्या यात्रेबद्दल लिहायचं ठरवलं. जमिनीच्या पत्रकात देवळाची गोष्ट कशाला, असं काही जणांना वाटेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाड्यातल्या पोरांनी वाचून दाखवावं.

झेंडा कुणाच्या पायानं चढतो

डहाणू तालुक्यात विवळवेढे गावाला महालक्ष्मीचं देऊळ आहे. अहमदाबादच्या हायवेवर, चारोटीच्या पुढं. पाठीमागं डोंगर, त्याचा सुळका लांबून ओळखू येतो. त्याला मुसळ्या डोंगर म्हणतात. चैत्री पुनवेला, म्हणजे हनुमान जयंतीला, यात्रा सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, पालघर, सगळीकडून माणसं येतात. समुद्राकाठचे मच्छीमार येतात, गुजरातेतून येतात. वारली, कोकणा, मल्हार कोळी, काथोडी, धोडी, दुबळा, सगळे त्या गर्दीत असतात.

पण यात्रेचा खरा मान झेंड्याचा. पुनवेच्या रात्री, मध्यरात्रीनंतर, वाघाडी गावचा पुजारी झेंडा घेऊन डोंगर चढतो. हा पुजारी मल्हार कोळी, आदिवासी. झेंडा येतो जव्हारच्या मुकणे घराण्याकडून. जव्हारचं राज्य कोळ्यांचं. चौदाव्या शतकापासून चाललेलं ते संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं. राजाचं राज्य गेलं, पण झेंड्याचा मान तसाच राहिला.

म्हणजे कापड जव्हारचं, पाय वाघाडीचे आणि डोंगर विवळवेढ्याचा. एका झेंड्यानं एवढा मुलूख एकमेकांशी बांधून ठेवला आहे. हे कुणी सरकारी हुकमानं केलं नाही. त्याचा जीआर नाही, नकाशा नाही. बापानं मुलाला वाट दाखवली, मुलानं नातवाला. रात्रीच्या वेळी ती चढण कुणाला चढता येते? ज्याच्या पायाला तिथला धोंडा न धोंडा माहीत आहे त्यालाच. खालून हजारो माणसं वर बघत उभी असतात. पण त्या वाटेचं ज्ञान एका घरात, एका गावात, एका जमातीत जपलेलं आहे.

जंगलखातं या मुलखात आलं ते इंग्रजांच्या काळात. १८७८ चा कायदा झाला, मग १९२७ चा झाला, आणि आपलं रान 'राखीव' म्हणून लिहिलं गेलं. तेव्हापासून आपण आपल्याच रानात चोर झालो. लाकूड आणलं तर गुन्हा, राब भाजायला पाला तोडला तर गुन्हा, दळी केली तर अतिक्रमण. पण रानातली आपली देवळं, आपल्या वाटा, आपले मान हे त्या कायद्याच्या आधीचे आहेत. म्हातारी हेच सांगत होती.

गरोदर बाईची गोष्ट

आता देवीची गोष्ट. ती आपल्या सगळ्यांना माहीत आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण तिचा अर्थ आपण नीट लावत नाही.

देवीचं मूळ ठाणं डोंगरावर. माणसं दर्शनाला वर जायची. एक बाई होती, गरोदर. तिची देवीवर फार श्रद्धा. पोट पुढं आलेलं, तरी ती डोंगर चढायला लागली. अर्ध्या वाटेत तिला घेरी आली आणि ती पडली. तेव्हा देवी तिला म्हणाली, तू आता वर येऊ नकोस, मीच खाली येते. आणि देवी पायथ्याला येऊन राहिली. म्हणून आज देऊळ खाली आहे आणि झेंडा तेवढा वर जातो.

या गोष्टीत राजा नाही, सोन्याचा कळस नाही. एक पोटुशी बाई आहे आणि तिची अडचण बघून स्वतःची जागा सोडणारी देवी आहे. ज्याला चालवत नाही त्याच्यापर्यंत आपण चालत जावं, एवढं त्या देवीला कळलं. आता आपल्या कचेऱ्या बघा. दाखल्यासाठी तालुक्याला जा. साहेब दौऱ्यावर आहेत, उद्या या. उद्या गेलं तर फोटो नाही, परवा गेलं तर शिक्का नाही. मजुरी बुडते, एसटीचं भाडं जातं. कडेवर पोर घेऊन बाया कचेरीच्या पायरीवर बसून राहतात. देवी डोंगर उतरून खाली आली, पण सातबाराचा उतारा अजून साहेबाच्या टेबलावरून खाली उतरला नाही.

या गोष्टीत अजून एक खूण आहे. ती बाई डोंगर चढत होती, म्हणजे तिथं वाट होती, पायथ्याला वस्ती होती, घरं होती. डोंगर रिकामा नव्हता.

भादव्यातला नैवेद्य

चैत्राची यात्रा सगळ्यांना माहीत आहे, कारण तेव्हा पाळणे असतात, दुकानं असतात, पेपरवाले येतात. पण आपली खरी भेट भादव्यात, पितरबारशीला असते. तेव्हा शेतातलं नवं पीक देवीला नेतात. काकडी, भाजी, नवं धान्य, जे हाताला आलं असेल ते. आधी देवीला, मग आपल्या ताटात.

याकडं नीट बघा. नवं पीक वाहायला पीक लागतं, पीक यायला जमीन लागते. आजा वाहत होता, म्हणजे आजा कसत होता. सरकार ज्याला पीकपाहणी म्हणतं तीच ही. फरक एवढाच, की तलाठी पीकपाहणी चावडीत बसून लिहायचा आणि आपण ती डोक्यावर टोपलीत घेऊन चालत जातो. दळीवरची नागली-वरई तलाठ्याच्या वहीत कधी आली नाही. देवीच्या पायाशी मात्र आली.

देवी म्हटली की नाव महालक्ष्मीचं घेतात. पण घरात धान्य आलं की आपण कणसरीचं नाव घेतो. धरतरी आहे, हिरवा आहे, नारनदेव आहे. लग्नाच्या चौकात पालघाट आहे. शिवेवर वाघदेव आहे, वाघबारशीला आपण त्याला पुजतो. गावाची शीव कुठली असं मोजणीवाला विचारतो आणि साखळी टाकतो. आपल्या वाडवडलांनी तिथं वाघाचा दगड कधीच रोवून ठेवला आहे.

देवी होती, तरी वेठ होती

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. देवी होती, यात्रा होती, झेंडा दरवर्षी चढत होता, तरी आपले बापजादे वेठबिगार होते. लग्नाला कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं सावकाराच्या घरी राबायची. त्यांना लग्नगडी म्हणत. यात्रेत आगोटीचा बाजार करायचा, मीठ, मिरची, कांदा, सुकी मासळी, तर त्यालाही पैसा सावकाराचाच. रात्री देवीपुढं वाजवणारा माणूस सकाळी जमीनदाराच्या खळ्यात फुकट राबायचा. देवीनं येऊन साखळी तोडली नाही.

ती तोडली आपल्या माणसांनी. २३ मे १९४५ ला झरी गावात वारली जमले, गोदाताई परुळेकर आणि किसान सभेचा लाल बावटा सोबत होता, आणि वेठ करणार नाही असं ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला आपल्या माणसांवर गोळ्या चालल्या, माणसं मेली, पण वेठ परत आली नाही. हे आपण विसरायचं नाही. देवीवर श्रद्धा ठेवा, पण देवी आपलं काम करील म्हणून हात बांधून बसू नका.

अजून एक. यात्रेच्या नावानं दारू, जुगार आणि उधारी चालते. पंधरा दिवसांत वर्षाची मजुरी उडते आणि पावसाळ्यात पुन्हा खावटीसाठी हात पसरावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे देवाचं नाव घेऊन एखादा भगत एखाद्या विधवेला भुताळी ठरवतो. तिला मारतात, गावाबाहेर काढतात, आणि पुष्कळदा तिच्या वाट्याची जमीन दुसऱ्याच्या घशात जाते. जी देवी एका बाईसाठी डोंगर उतरली तिचं नाव घेऊन बाईला मारायचं? हे आपलं पाप आहे, ते दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही.

सूर्या नदी आणि भीमाचा बांध

म्हातारी माणसं भीमाची पण गोष्ट सांगतात. पांडव वनवासात इकडं आले. भीमानं देवीला बघितलं आणि लग्नाचा हट्ट धरला. देवी म्हणाली, एका रात्रीत सूर्या नदीवर बांध घाल, मग बघू. भीम धोंडे रचायला लागला. बांध पुरा होईल असं दिसल्यावर देवीनं कोंबड्याचं रूप घेतलं आणि आरवली. भीमाला वाटलं उजाडलं. बांध अर्धा राहिला.

भीमाला जमलं नाही ते सरकारनं केलं. धामणीला सूर्या नदीवर धरण झालं. घरं गेली, शेतं गेली, देव पाण्याखाली गेले. पाणी कालव्यानं खाली गेलं, कारखान्यांकडं गेलं. ज्यांचं गेलं ते पुनर्वसनाच्या रांगेत उभे राहिले. तेव्हा कोंबडा आरवायला कुणी नव्हतं, कारण आपण एक नव्हतो. आता आरवायचं काम आपलं आहे. कुठं रस्त्यासाठी, कुठं कारखान्यासाठी, कुठं प्लॉटसाठी जमीन मागायला माणसं येतात. उजाडायच्या आत गावाला जागं करायचं.

देवी कुणाची, हा वाद कुणाच्या फायद्याचा

आपल्यात तीन तऱ्हेची माणसं भेटतात. आपलेच काही कार्यकर्ते म्हणतात, देव-देवी सब झूट, चळवळीनं त्यात पडू नये. काही शिकलेली पोरं म्हणतात, महालक्ष्मी बाहेरून आलेली, आपली कणसरीच खरी. आणि बाहेरून काही माणसं येतात, ती सांगतात, तुमची देवी आमचीच, तुम्ही मूळचे आमचेच, आता आमच्या रीतीनं पूजा करा, कोंबडं-बकरं सोडा, आणि शेजारच्या पाड्यातल्या त्या दुसऱ्या धर्माच्या माणसाशी बोलू नका.

पहिल्यांना आमचं सांगणं असं. तुम्ही देव मानू नका, कुणी जबरदस्ती करत नाही. पण ज्या वाटेनं आपली हजारो माणसं वर्षातून दोनदा चालतात ती वाट आपल्या जमिनीचा इतिहास आहे. तो सोडून दिला तर दुसरा कुणी उचलील.

दुसऱ्यांना सांगणं असं. नावाचं भांडण घालू नका. कोल्हापुरातही महालक्ष्मी आहे, मुंबईतही आहे. नाव तेच असेल. पण इथं झेंडा मल्हार कोळी नेतो, नवं पीक वारली-कोकणा वाहतात, आणि गोष्ट पोटुशी बाईची आहे. देवी कुणाची हे नावावरून ठरत नाही, तिच्यापाशी कोण काय करतं त्यावरून ठरतं.

तिसऱ्यांना सांगणं असं. या, दर्शन घ्या, आमच्या पंगतीला बसा. पण आमच्यात फूट पाडू नका. एकाच आईची पोरं, एक देवळात जातो, एक चर्चमध्ये जातो, दोघांच्याही दळीवर खातं एकच नोटीस लावतं. ज्यांना आमच्या देवीची एवढी काळजी आहे त्यांनी आमच्या सातबाराच्या मोर्चाला पण यावं. आजवर त्यांच्यातला कुणी आम्हाला तिथं दिसला नाही.

लिहिलं नाही ते गेलं

आपली जमीन कशी गेली? ती आपली होती हे सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून कुणी लिहून ठेवलं नाही. सावकारानं लिहिलं. अंगठा घेतला आणि आपल्या नावावर चढवलं. जंगलखात्यानं नकाशा काढला आणि आपल्या नावावर चढवलं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कचेरीत कुणालाच माहीत नव्हती.

रीतीभातींचं पण तसंच होईल. आज सगळ्यांना माहीत आहे, झेंडा कोण नेतो, नवं पीक कोण वाहतो, कोणत्या झाडाखाली कुठल्या पाड्याची माणसं उतरतात. आपण लिहिलं नाही तर उद्या दुसरा लिहील, आणि त्यात आपलं नाव असेलच असं नाही. जमिनीकडून हा धडा आपण फार मोल देऊन शिकलो आहोत.

आता कायद्यातही याला जागा झाली आहे. २४ डिसेंबर १९९६ ला पेसाचा कायदा झाला, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांचा. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हे सगळं अनुसूचित क्षेत्र आहे. तो कायदा म्हणतो, आपल्या चालीरीती, आपली ओळख, गावाची सामाईक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवायची आपली पद्धत जपायला ग्रामसभा समर्थ आहे. तो असंही म्हणतो, की पंचायतींबद्दल राज्यानं केलेला कायदा आपल्या रूढींशी आणि धार्मिक चालीरीतींशी जुळता असावा. आणि गाव कशाला म्हणायचं? तर जी वस्ती, जो पाडा आपल्या रीतीनं आपला कारभार करतो, त्याला. म्हणजे पाड्याची रीत सांगता आली तर पाडा गाव म्हणून उभा राहू शकतो. रीतच विसरली तर कशाच्या जोरावर उभा राहणार?

एक खुलासा करतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. झेंड्याची रीत लिहून काढली म्हणून उद्या कुणाच्या नावावर दोन एकर चढणार नाही. एकेका प्लॉटचा पुरावा एकेकाला द्यावाच लागेल. दंडाच्या पावत्या, जुने पंचनामे, बांध, झाडं, म्हाताऱ्यांचे जबाब. कसणुकीचे दावे ज्यांचे लटकले आहेत त्यांनी ते कागद जपून ठेवावेत. पण सगळं गाव इथलं जुनं आहे, हे रान गावाच्या वापरातलं आहे, हे सांगायला आपल्या देवांच्या जागा, वाटा आणि सण उपयोगाला येतात. एकट्याच्या पावतीला गावाच्या साक्षीचा आधार मिळतो.

पुढच्या चैत्राच्या आत

म्हणून प्रत्येक पाड्यानं एवढं करावं.

एक. ग्रामसभा बोलवावी, बायांना धरून. एक वही घालावी. साधी दोनशे पानांची चालेल.

दोन. गावातली सर्वांत म्हातारी माणसं, पुरुष आणि बाया दोन्ही, त्यांना बसवून विचारावं. महालक्ष्मीला आपला पाडा कोणत्या वाटेनं जातो, वाटेत कुठं उतरतो, पितरबारशीला काय वाहतो, ते पीक कुठल्या जागेत येतं. धवलेरींना नक्की विचारा. त्यांना जेवढं तोंडपाठ आहे तेवढं कुणाला नाही.

तीन. गावचे सगळे देव लिहावेत. वाघदेव कुठल्या शिवेवर, हिरवा कुठं, मसण कुठं, राखलेली झाडं कुठली, पाणी कुठलं. पोरांनी नकाशा काढावा.

चार. ते सगळं ग्रामसभेत मोठ्यानं वाचावं, चूक असेल तर सुधारावं, मग सह्या-अंगठे घ्यावेत. एक प्रत गावात, एक प्रत संघटनेच्या कचेरीत.

पाच. त्याच सभेत ठरवावं, की यात्रेत दारू आणि उधारी नाही, आणि आमच्या गावात कुठल्याही बाईला भुताळी म्हणणार नाही. हे पण वहीत लिहावं.

पुढच्या चैत्री पुनवेला आपण सगळे पायथ्याला असू. मध्यरात्री झेंडा चढायला लागेल तेव्हा वर बघा. आणि त्यानंतर जेव्हा कुठला साहेब विचारील, तुम्ही इथं कधीपासून, तेव्हा म्हातारीनं दिलं तेच उत्तर द्या. या वेळी वही सोबत न्या आणि ते उत्तर त्याला लिहून घ्यायला लावा.

जिंदाबाद!